दम, खो आणि लोण : दोन पिढ्यांच्या खेळभाषेचा एक विचार

खेळाचे नियम बदलले की त्या खेळाची भाषाही बदलते, हे विधान कोणासही सहज पटण्याजोगे आहे. परंतु आपल्याकडील काही देशी खेळांच्या बाबतीत एवढे म्हणून भागत नाही. या खेळांत भाषा ही नियमांचे केवळ वर्णन करणारी नसते. विशिष्ट शब्दाचा विशिष्ट रीतीने केलेला उच्चार हाच तेथे नियम असतो. असा खेळ गावाच्या मैदानातून लीग-सामन्यांच्या रिंगणात गेला म्हणजे त्या उच्चाराचे काय होते, हा प्रश्न खेळाच्या अभ्यासकापेक्षा भाषेच्या अभ्यासकालाच अधिक विचारात पाडणारा आहे. प्रस्तुत लेखात हुतूतू (कबड्डी), खो-खो आणि विटीदांडू या तीन खेळांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे, आणि बीड तालुक्यातील लिंबागणेशसारख्या गावी या विषयाची पाहणी कशी करता येईल याचीही दिशा सुचवावयाची आहे.

१. दम : उच्चार हेच घड्याळ

हुतूतूच्या खेळात चढाई करणारा गडी मध्यरेषा ओलांडून प्रतिपक्षाच्या अंगणात शिरतो तो एका दमात. ‘हुतूतू’ हा शब्द तो अखंड उच्चारीत राहतो, आणि तो उच्चार चालू आहे तोवरच त्याला तेथे वावरण्याचा अधिकार असतो. दम तुटला की अधिकार संपला. म्हणजे चढाईचा अवधी किती, या प्रश्नाचे उत्तर या खेळाने घड्याळाकडून न घेता माणसाच्या छातीकडून घेतले होते. ‘दम’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ श्वास. दम धरणे, दम लागणे, दम निघणे हे आपल्या रोजच्या बोलण्यातील प्रयोग पाहिले, तर श्वास, धीर आणि काळ या तिन्ही अर्थच्छटा एकाच शब्दात कशा नांदतात ते ध्यानात येईल. हुतूतूचा दम या तिन्ही अर्थांनी दमच आहे.

हा उच्चार प्रांतोप्रांती वेगळा होता. महाराष्ट्रात हुतूतू, बंगालमध्ये हाडुडु, तामिळनाडूत चेडुगुडु आणि उत्तरेकडे कबड्डी. या शब्दांना कोशगत अर्थ शोधण्यात फारसे स्वारस्य नाही. त्यांची ध्वनिरचना मात्र पाहण्यासारखी आहे. एकाच ठेक्यात वेगाने पुनरुच्चारता येतील अशी अवयवांची मांडणी या सर्वांत आहे. कारण मध्येच चोरून श्वास घेतला तर ठेका मोडतो आणि ते पंचाच्या कानाला कळते. ‘कबड्डी’तील द्वित्त मूर्धन्य स्पर्शात हवेचा प्रवाह क्षणभर पूर्ण अडविला जातो, तर ‘हुतूतू’तील हकारात तो मोकळा सुटतो. तेव्हा एकाच छातीच्या गड्याला कोणता शब्द अधिक काळ पुरेल, हा ध्वनिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत तपासून पाहण्याजोगा प्रश्न आहे.

नियमबद्धतेची वाटचाल थोडक्यात अशी. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूच्या स्पर्धा नियमपूर्वक भरविल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळाला पदकाचा मान मिळाला. या काळात ‘हुतूतू’ हे नाव मागे पडून ‘कबड्डी’ हे अखिल भारतीय नाव रूढ झाले. हा पहिला बदल. तो नावाचा आणि उच्चाराचा होता; परंतु दमाचे कार्य त्याने काढून घेतले नव्हते.

दुसरा बदल अधिक खोल आहे, आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये तो ठळकपणे दिसतो. तेथे चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्या तर तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाई करणारा बाद होतो. याची कारणे उघड आहेत. वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांत आटपणारा, दूरचित्रवाणीवर दाखवावयाचा सामना रेंगाळून चालत नाही. शिवाय ध्वनिवर्धकांच्या आणि प्रेक्षकांच्या गजरात गड्याचा दम ऐकू येणे कठीण, आणि सेकंदकाटा मात्र लाखो लोकांना एकाच वेळी दिसतो. ‘कबड्डी’ हा उच्चार नियमातून गेलेला नाही. परंतु काळ मोजण्याचे त्याचे काम घड्याळाने घेतले. जुन्या पिढीच्या दृष्टीने जो उच्चार खेळाचा प्राण होता, तो नव्या पिढीच्या दृष्टीने खेळाची खूण झाला आहे. शब्द तोच राहून त्याचे कार्य पालटणे, ही घटना अर्थविचाराच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. तीच येथे मैदानावर घडताना दिसते.

२. लोण : परिभाषेतील एक स्थलांतर

हुतूतूतील एका बाजूचे सर्व गडी बाद झाले म्हणजे त्या बाजूवर ‘लोण’ चढले असे म्हणतात. आट्यापाट्यांच्या खेळातही ‘लोण’ आहे. तेथे सर्व पाट्या ओलांडून परत येणारा गडी लोण आणतो. संस्कृत ‘लवण’ शब्दाचे प्राकृतातून आलेले ‘लोण’, म्हणजे मीठ, हेच या संज्ञेचे मूळ असावे असा एक तर्क आहे. व्युत्पत्ती कोणतीही मानली, तरी हा शब्द खेळाच्या रिंगणाबाहेर पडून व्यापक मराठीत आला आहे. ‘चळवळीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले’ हे वाक्य लिहिताना लेखकाच्या मनात पाटी किंवा मैदान नसते. तरी एका टोकाहून निघून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन भिडणे ही कल्पना त्यात शिल्लक आहे. ‘कामात खो घालणे’ या प्रयोगाचीही अशीच स्थिती आहे.

लीगच्या परिभाषेत ‘लोण’ या शब्दाच्या जागी ‘ऑल आऊट’ हा शब्दप्रयोग आला. तो क्रिकेटकडून आलेला आणि म्हणून देशभर समजणारा आहे. त्याचबरोबर ‘सुपर रेड’, ‘सुपर टॅकल’ हे शब्द आले. मराठी वृत्तपत्रांनी ‘अव्वल चढाई’, ‘अव्वल पकड’ असे पर्याय वापरले, आणि ‘लोण’ तर सोडलेच नाही. त्यामुळे आज एकाच सामन्याच्या दोन भाषा आढळतात : डोळ्यांनी वाचावयाची मराठी आणि कानांनी ऐकावयाची संमिश्र भाषा. मुलगा सामना ऐकतो, आजोबा त्याचे वर्णन सकाळी वाचतात. दोघांत मतभेद नसूनही शब्दभेद निर्माण होतो तो असा. यात हळहळण्यापेक्षा नोंद घेण्यासारखे अधिक आहे : खेळातील ‘लोण’ नव्या पिढीच्या कानावरून गेले, तर ‘लोण पोचणे’ हा वाक्प्रचार तिच्या लेखी मूळ हरपलेला होईल. तो वापरात राहील, पण त्यातील चित्र विझलेले असेल.

३. खो : न हरपलेला उच्चार

खो-खोची गोष्ट याहून निराळी आहे. पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेल्या गड्यांपैकी एकाला पाठलागाचा अधिकार मिळतो तो मागून झालेल्या स्पर्शाने आणि ‘खो’ या मोठ्याने केलेल्या उच्चाराने. स्पर्श झाला पण शब्द आला नाही, किंवा शब्दापूर्वीच गडी उठला, तर तो नियमभंग होय. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत, काही वाक्ये कृतीचे वर्णन करीत नसून ती उच्चारणे हीच कृती असते, हे प्रतिपादन केले. वर्गात या कल्पनेसाठी नामकरणाचे किंवा पैज लावण्याचे उदाहरण देण्याचा प्रघात आहे. मराठी विद्यार्थ्यासाठी ‘खो’ इतके नेमके उदाहरण दुसरे नाही. हा एकाक्षरी उच्चार एका गड्याला बसवितो आणि दुसऱ्याला उठवितो.

१९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम तयार केले, आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली. २०२२ मध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली. तिने खेळात पुष्कळ फेरफार केले. कोणत्याही दिशेस वळण्याची मोकळीक असलेला ‘वजीर’ आणला. आपल्याकडे ज्याला सूर मारणे म्हणतात त्याला ‘स्काय डाइव्ह’ हे नाव देऊन त्यावर अधिक गुण ठेवले. बराच काळ बाद न होणाऱ्या बचावाला ‘ड्रीम रन’ म्हटले. ‘वजीर’ हा शब्द तर बुद्धिबळाच्या पटावरून उचललेला. त्याची मुक्त चाल ज्याला ठाऊक आहे त्याला नियम समजावून सांगावा लागत नाही. परंतु ‘खो’ला लीगने हात लावला नाही, आणि लावता येणारही नव्हता. दमाचे काम घड्याळाला देता आले, कारण दम काळ मोजीत होता आणि काळ मोजण्याची दुसरी साधने आहेत. ‘खो’ अधिकार सोपवितो. त्या कामाला यंत्र नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारतीय महिलांनी नेपाळवर ७८-४० अशी आणि पुरुषांनीही नेपाळवरच ५४-३६ अशी मात केली. महिला संघाच्या कर्णधार प्रियंका इंगळे मूळच्या बीड जिल्ह्यातील. वीसहून अधिक देशांच्या, नाना भाषा बोलणाऱ्या खेळाडूंना त्या मैदानावर हे एक अक्षर सारख्याच रीतीने उच्चारावे लागले.

यावरून एक साधा सिद्धान्त मांडता येतो. लीगमध्ये कोणता पारंपरिक उच्चार टिकेल, हे त्याच्या प्राचीनतेवर किंवा लोकांच्या प्रेमावर अवलंबून नसून, त्याचे काम दुसऱ्या साधनाने होऊ शकते की नाही यावर अवलंबून असते.

४. ज्या खेळाला लीग नाही

विटीदांडूला असे देशव्यापी रिंगण लाभले नाही. त्यातील मोजणीचे शब्द मात्र भाषाभ्यासकाला मोलाचे आहेत. वकट, लेंड, मूंड, नाल ही गणना महाराष्ट्रातील मुले पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. तिच्याशेजारी तेलुगू ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ठेवले की नाते लपत नाही. ‘लेंड’मध्ये रकाराचा लकार झाला आहे. ‘मूंड’मधील अनुनासिक तर आजच्या तेलुगूत नसून जुन्या तेलुगूतील ‘मूंडु’ या रूपात आहे. म्हणजे मुलांच्या तोंडी एक जुने रूप गोठून राहिलेले दिसते.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने, आणि त्या संस्थानात तेलंगण व कानडी मुलूखही असल्याने, हे शब्द त्या सहवासातून आले असे म्हणण्याचा मोह होईल. परंतु ही गणना संस्थानाबाहेरच्या पश्चिम महाराष्ट्रातही रूढ होती. तेव्हा कारण राजकीय सीमेहून जुने मानावे लागते. ही गणना कोणत्याही नियमपुस्तकाच्या आधाराने टिकली नाही. थोरल्या मुलाकडून धाकट्याकडे जाणाऱ्या तोंडी परंपरेने ती जगविली. ती परंपरा खंडित झाली की शब्द सावकाश बदलत नाहीत. एका पिढीत नाहीसे होतात. लीग शब्द बदलते हे खरे. पण लीगचा अभाव शब्द राखतोच असे नाही.

५. लिंबागणेशसारख्या गावी पाहणी

बालाघाटच्या परिसरातील लिंबागणेश हे भालचंद्र गणेशाच्या देवस्थानामुळे परिचित असलेले गाव या पाहणीस योग्य वाटते. ते शहर नव्हे आणि अगदी आडबाजूची वस्तीही नव्हे. जुनी भाषा आणि नवी प्रसारभाषा तेथे शेजारी शेजारी मिळण्याचा संभव आहे. पाहणी करताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली, वयोगट. १९४८ पूर्वी संस्थानात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी शाळांतून छापील क्रीडापरिभाषा शिकलेली पिढी त्यानंतरची. म्हणून आजचे अतिवृद्ध, १९६० नंतर शाळेत गेलेले आणि २०१४ नंतर खेळू लागलेले, असे तीन गट निराळे धरावेत.

दुसरी, हंगाम. या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची मुले कारखान्यांच्या तळांवर निरनिराळ्या तालुक्यांच्या मुलांशी खेळतात. त्यामुळे एकाच मुलाच्या तोंडी दोन मुलखांचे खेळशब्द आढळले, तर त्यास चूक न मानता संपर्काचा पुरावा मानावे. पाहणी मे महिन्यात करावी. एरवी ही मुले यादीतून गळतील.

तिसरी, पद्धती. ‘या खेळाला तुम्ही काय म्हणता’ असे विचारल्यास पाहुण्याला शोभेल असे प्रमाण उत्तर मिळते. त्याऐवजी खेळ खेळवून घ्यावा, वाद होऊ द्यावा, आणि वादातील शब्द ध्वनिमुद्रित करावेत. गडी बाद झाला की नाही यावर भांडताना कोणी पुस्तकी बोलत नाही. वृद्धांकडून मोजणी म्हणवून घेताना हातात विटी द्यावी.

गावच्या मैदानात पंच नसे. तेथे निर्णय बोलण्यातून होई. दम तुटला की नाही हे दोन्ही बाजू कानांनी ठरवीत आणि वाद घालून मान्य करीत. लीगमध्ये तो निर्णय पंचाच्या शिटीने, घड्याळाने आणि चित्रफितीने होतो. त्यात न्याय अधिक नेमका झाला हे निःसंशय. परंतु निर्णयाचे काम बोलण्याकडून गेले, म्हणजे त्या बोलण्यासाठी घडलेली भाषाही निकामी होते. ती बोलणारी पिढी अद्याप आपल्यात आहे, तोवर तिची नोंद करून ठेवणे हे विभागाच्या आवाक्यातील आणि विलंब न सोसणारे काम होय.