मसल कार घेताय? आधी तिचा 'सातबारा' तपासा!

जून २०१४ मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे झालेल्या एका लिलावात १९७१ सालची 'प्लिमथ हेमी कुडा' ही दुमडत्या छताची गाडी तब्बल ३५ लाख डॉलरना विकली गेली. त्या वर्षी अशा जेमतेम डझनभर गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. त्याच साली, त्याच कारखान्यात, तशाच बांध्याची पण साध्या इंजिनाची 'बाराकुडा'ही तयार होत होती. तिला आज या किमतीच्या आसपासही कोणी मागणार नाही. वरवर पाहणाऱ्याला मात्र दोन्ही गाड्या बहिणी-बहिणीच वाटतील. बनावटीच्या धंद्याचे मूळ या साम्यातच दडलेले आहे.

साठच्या दशकाच्या मध्यापासून सत्तरच्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकी कंपन्यांनी मध्यम आकाराच्या, कुटुंबासाठी बनविलेल्या गाड्यांमध्ये प्रचंड ताकदीची आठ सिलिंडरची इंजिने बसवून विकली. याच त्या 'मसल कार'. सांगाडा साध्या गाडीचाच असल्याने पुढे कोणीही साधी गाडी घेऊन तिच्यावर बिल्ले, पट्टे व नवे बॉनेट चढवू शकतो आणि मोठे इंजिन बसवू शकतो. मालकाने 'ही प्रतिकृती आहे' असे स्पष्ट सांगितले, तर त्यात गैर काही नाही. अशा गाड्या 'क्लोन' किंवा 'ट्रिब्यूट' या नावाने उघडपणे विकल्या जातात. प्रतिकृती अस्सलच्या भावाने गळ्यात मारली जाते, तेव्हा मात्र ती फसवणूक ठरते.

आपल्याकडे जमीन घेताना रंगरूप पाहून कोणी इसार देत नाही, आधी सातबारा पाहिला जातो. मसल कारचाही असा सातबारा असतो. मात्र तो प्रत्येक कंपनीच्या बाबतीत वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना हा शौक खुणावत असेल, त्यांनी हा फरक आधी समजून घेतलेला बरा.

क्रमांक कोठे बोलतो?

सर्वांत आधी पाहावा तो वाहनाचा ओळख क्रमांक, म्हणजे आपल्याकडचा चासी नंबर. आजचा सतरा अक्षरांचा एकसमान क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून लागू झाला. त्यापूर्वी प्रत्येक कंपनीची पद्धत निराळी होती. क्रायस्लर समूहाचा क्रमांक या बाबतीत सर्वांत बोलका आहे. १९७० च्या हेमी कुडाचा क्रमांक 'बीएस २३ आर ० बी' असा सुरू होतो. यातील 'बी' म्हणजे बाराकुडा, 'एस' म्हणजे तिची 'कुडा' ही आवृत्ती, '२३' म्हणजे पक्क्या छताची दोन दारी गाडी, तर '०' हे साल आणि शेवटचा 'बी' हा हॅमट्रॅमक येथील कारखाना. पाचव्या स्थानावरील 'आर' हे अक्षर ४२६ घन इंचांच्या हेमी इंजिनाची खूण आहे. त्या जागी 'जी' असेल तर गाडी ३१८ घन इंचांच्या साध्या इंजिनासह जन्मली, मग आज तिच्या बॉनेटखाली काहीही असो.

फोर्डच्या मस्टँगमध्येही पाचवे अक्षर इंजिन सांगते. १९६९ च्या 'बॉस ४२९'साठी ते 'झेड' आहे. शिवाय १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादन नोंदींवर आधारित 'मार्टी रिपोर्ट' शुल्क भरून मिळतो.

कागद कोठे बोलतो?

पॉन्टिॲकच्या 'जीटीओ'ची गोष्ट वेगळी. १९६४ व १९६५ मध्ये जीटीओ ही स्वतंत्र गाडी नव्हतीच. 'टेम्पेस्ट लेमान्स'वर सुमारे ३०० डॉलर जादा मोजून घेण्याचा तो एक पर्याय होता. त्यामुळे या दोन वर्षांतील क्रमांकावरून गाडी जीटीओ की साधी लेमान्स, हे ओळखता येत नाही. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र झाली आणि तिचा क्रमांक '२४२' या आकड्यांनी सुरू होऊ लागला. मात्र पॉन्टिॲकच्या मूळ बिलांच्या नोंदी सुरक्षित राहिल्या असून 'पीएचएस' या संस्थेकडून त्यांची प्रत मागविता येते. कारखान्याने गाडीत काय काय बसवून पाठविले, ते त्यात स्पष्ट असते. विक्रेत्याने दाखविलेल्या प्रतीवर विसंबू नये, स्वतः मागवावी.

दोन्ही गप्प असतील तर?

खरी कसोटी लागते ती शेव्हरोलेच्या बाबतीत. १९६६ ते १९६८ या काळात 'शेव्हेल एसएस ३९६'चा क्रमांक '१३८'ने सुरू होत असे. १९६९ पासून 'एसएस' हा केवळ पर्याय उरला. १९७० मधील ४५४ घन इंचांची, ४५० अश्वशक्तीची 'एलएस ६' ही या मालिकेतील सर्वांत नावाजलेली गाडी. तिचा '१३६'ने सुरू होणारा क्रमांक आठ सिलिंडरच्या कोणत्याही साध्या 'मालिबू'सारखाच आहे. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या गाड्यांच्या एकेक नोंदी देणारे पॉन्टिॲकसारखे दफ्तर नाही. कॅनडातील विक्रेत्यांकडे गेलेल्या गाड्यांच्या नोंदी मात्र जनरल मोटर्सच्या कॅनडा शाखेने जपल्या होत्या.

अशा वेळी जुळणीच्या वेळचा तक्ता, म्हणजे 'बिल्ड शीट', किंवा वॉरंटीसाठी दिलेली 'प्रोटेक्ट-ओ-प्लेट' ही धातूची पट्टी यांना मोल येते. तक्ता अनेकदा आसनाखालच्या स्प्रिंगांमध्ये किंवा पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो. मात्र नवे कागद जुने भासविणारे कारागीरही बाजारात आहेत. म्हणूनच कागदाची साक्ष लोखंडाशी ताडून पाहावी लागते.

लोखंडाची साक्ष

'एलएस ६'चे इंजिन न्यूयॉर्क राज्यातील टोनावांडा येथे बनत असे. इंजिनाच्या पुढच्या बाजूस, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे एक लहान सपाट जागा असते. तिथे कारखान्याची खूण, जुळणीचा महिना व दिवस, इंजिनाचा प्रकार आणि गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. इंजिनाच्या ओतकामावरही तारीख असते. 'ए १५ ०' म्हणजे १५ जानेवारी १९७०.

आता साधा हिशेब करावा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी आणि शेवटी गाडीची जुळणी, हा क्रम उलटू शकत नाही. फेब्रुवारीत तयार झालेल्या गाडीत एप्रिलमध्ये ओतलेले इंजिन असेल, तर ते नंतर बसविलेले आहे, हे उघड आहे. याशिवाय कारखान्यातील यंत्राने त्या सपाट जागेवर बारीक समांतर रेषा उमटत. जागा घासून गुळगुळीत केली असेल आणि आकडे मात्र ताजे दिसत असतील, तर तिथेच थांबावे.

डॅशबोर्डवरील क्रमांकाची पट्टी, तिचे रिव्हेट आणि १९६८ पासून सांगाड्यावर अन्यत्र ठोकलेले आंशिक क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. १९६९ च्या कॅमॅरोसारख्या काही गाड्यांचे संपूर्ण नवे सांगाडे आज विकत मिळत असल्याने ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते. ओळख क्रमांक काढणे वा बदलणे हा अमेरिकी कायद्यानुसार पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. अशी गाडी पोलिसांनी जप्त केली, तर खरेदीदाराचे पैसे आणि गाडी दोन्ही जाण्याची भीती असते.

मूळ इंजिन नसलेली प्रत्येक गाडी मात्र बनावट समजू नये. शर्यतींच्या वेडात अनेक इंजिने निकामी झाली आणि बदलली गेली. 'आर' अक्षराची हेमी कुडा मूळ इंजिन नसले तरी अस्सलच राहते, फक्त किंमत घटते. म्हणून 'नंबर्स मॅचिंग' या शब्दांवर भाळू नये. नेमके कोणते क्रमांक कशाशी जुळतात, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. त्या विशिष्ट मॉडेलच्या जाणकाराकडून गाडी उचलून, खालून तपासून घ्यावी आणि तपासणीपूर्वी दिलेला इसार परत मिळेल, अशी अट घालावी. चार दिवसांत निर्णय घेण्याची घाई करणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा. पन्नासहून अधिक वर्षे टिकलेली गाडी आणखी महिनाभर थांबू शकते. ती विकणाऱ्याला थांबायचे नसेल, तर त्याचे कारण शोधणे हीच तपासणीची पहिली पायरी होय.