गुलाबी थंडीचा हिशेब

डिसेंबर लागला की सगळ्यांची नजर निफाडच्या पाऱ्यावर. किती घसरला, द्राक्षांचं काय होणार? बाकी महाराष्ट्राची थंडी 'गुलाबी'. थंडीनं माणसं दगावतात ती तिकडं उत्तरेत, असाच आपला समज.

भारतातल्या 2001 ते 2013 या काळातल्या मृत्यूंचा तापमानाशी मेळ घालणारा अभ्यास 2018 मध्ये 'प्लॉस मेडिसिन'मध्ये आला. सर्वांत कमी धोका दिसला तो दिवसाचं तापमान 30 अंशांच्या आसपास असताना. तिथून 13.8 अंशांपर्यंतचा पट्टा संशोधकांनी 'मध्यम थंडी' धरला. म्हणजे मुंबईकर ज्याला छान हवा म्हणतो ती! पक्षाघाताचे अंदाजे 27 टक्के आणि हृदयविकाराचे सुमारे 10 टक्के मृत्यू या पट्ट्याच्या खाती गेले. अंदाजच तो, पक्षाघाताच्या आकड्यात मागंपुढं बरंच होऊ शकतं. पण कडाक्याचे दिवस मोजकेच आणि असे बेताचे दिवस ढीगभर, हे तर खरंच.

इतक्याशा गारव्यानं होतं काय? लंडनच्या विल्यम कीटिंग यांनी 1984 साली काही जणांना 24 अंशांच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवलं. रक्तदाब सरासरी 126/69 वरून 138/87 वर गेला, रक्ताचा दाटपणा 21 टक्क्यांनी वाढला. गार हवेत कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, तिथलं रक्त आत ढकललं जातं. शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, मूत्रपिंडं ते काढून टाकतात. (थंडीत सारखं लघवीला का लागतं, ते यामुळं.) पाणी गेलं, पेशी राहिल्या, रक्त आटवलेल्या दुधासारखं दाट. आधीच चिंचोळ्या झालेल्या धमनीत गुठळी व्हायला आणखी काय हवं?

उलट सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये पारा उणे 48 पर्यंत उतरला तरी हृदयविकाराचे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत. तिथं घरं उबदार असतात आणि माणसं कपड्यांचे थरावर थर चढवल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. आपले आजोबा पहाटे रजईतून उठतात ते थेट बनियनवर, अनवाणी, गार फरशीवरून मोटर चालू करायला. कानटोपी पुढं केली तर म्हणतात, "एवढी कुठं आहे थंडी?" आणि मे महिन्यात चक्कर येते म्हणून डॉक्टरांनी अर्धी केलेली रक्तदाबाची गोळी जानेवारीतही अर्धीच चालू असते.