इटालियन गायन आणि उच्चारशिक्षण

पाश्चात्य अभिजात गायन शिकणारा विद्यार्थी कोणत्याही देशाचा असो, त्याला प्रारंभीच इटालियन गीते गावी लागतात. ऑपेरा या संगीतनाट्यप्रकाराचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स येथे झाला. इटलीतील ऑपेरागायनाच्या परंपरेचा समावेश 'युनेस्को'ने डिसेंबर २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. न्यूयॉर्कच्या शर्मर प्रकाशनसंस्थेने काढलेला २४ इटालियन गीतांचा संग्रह आजही विद्यार्थ्यांच्या हाती दिला जातो. म्हणूनच अनेक संगीत महाविद्यालयांत इटालियन उच्चार हा स्वतंत्र विषय असतो.

उच्चार चुकला तर शब्दाचा अर्थच पालटतो. इटालियनमध्ये स्वरांची अक्षरे पाच आहेत; मात्र आघात असताना 'ए' आणि 'ओ' हे विवृत व संवृत अशा दोन प्रकारे उच्चारले जात असल्याने प्रत्यक्षात स्वर सात होतात. 'वेंती' या शब्दातील 'ए' विवृत असेल तर अर्थ 'वारे' आणि संवृत असेल तर 'वीस' असा होतो.

द्वित्त व्यंजनांचेही तसेच आहे. 'नोनो' म्हणजे नववा, तर 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'कारो मिओ बेन' या लोकप्रिय गीतातील 'कारो'चा अर्थ 'प्रिय' असा आहे. त्यातील 'र' दुप्पट झाला की 'कार्रो', म्हणजे गाडा होतो. 'कला' आणि 'कल्ला' यांतील भेद जाणणाऱ्या मराठी भाषकाला हे सहज उमगते. गाताना मात्र द्वित्तासाठी लागणारा वेळ आधीच्या स्वरातून काढावा लागतो. तसे न केल्यास पुढचा सूर उशिरा येऊन लय बिघडते.

मराठी विद्यार्थ्याला आणखीही काही गोष्टी अनुकूल आहेत. इटालियन भाषेतील 'त' आणि 'द' दंत्य आहेत. 'प', 'त', 'क' यांत महाप्राण नसतो. 'चोर' या शब्दातील 'च' आणि 'जोर' या शब्दातील 'ज' यांना जवळचे उच्चारही त्या भाषेत आहेत. अडचण येते ती रोमन अक्षरे इंग्रजीप्रमाणे वाचण्याच्या सवयीमुळे. मग 'त'च्या जागी 'ट' येतो, तर 'सी-एच-ई' या अक्षरांचा 'के' हा उच्चार न होता 'चे' होतो. शब्दाच्या शेवटचे आघातहीन 'ए' व 'ओ' अस्पष्ट 'अ'कडे झुकतात. इटालियनमध्ये आघात नसला तरी स्वराचे रूप स्पष्टच राहावे लागते.

शिक्षणाची रीत साधारणपणे टप्प्याटप्प्याची असते. प्रथम प्रत्येक शब्दाचा अर्थ व आघात निश्चित केला जातो. त्यानंतर गीत गद्याप्रमाणे मोठ्याने वाचले जाते, पुढे ते लयीत म्हटले जाते. नंतर केवळ स्वर सुरांत गाऊन अखेरीस त्यांत व्यंजने मिळवली जातात. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचाही उपयोग केला जातो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातील उच्चारमार्गदर्शक निको कास्टेल (१९३१-२०१५) यांनी अनेक ऑपेरांच्या संहिता या लिपीसह आणि शब्दशः भाषांतरासह प्रसिद्ध केल्या.

केवळ ध्वनिमुद्रण ऐकून उच्चार उचलणे धोक्याचे ठरते. तार सुरांवर नामवंत गायकही आवाज मोकळा राहावा म्हणून स्वराचे रूप किंचित बदलतात. विद्यार्थी तो बदल मूळ उच्चार समजून अंगवळणी पाडतो. नियम समजून घेतलेला विद्यार्थी मात्र पूर्वी कधीही न ऐकलेले गीतही स्वतः वाचू शकतो आणि आपण काय गात आहोत हे त्याला ठाऊक असते.