ताजचं तोंड कुणीकडे?

गावाहून पाहुणे आले की आपण घाटकोपरच्या बायका त्यांना लोकलने बोरीबंदरला आणि तिथून गेटवेला नेतो. ताजमहाल हॉटेलसमोर फोटो काढताना कुणीतरी ती गोष्ट सांगतंच : हॉटेल उलटं बांधलं गेलं, म्हणून इंजिनियरने वरून उडी मारून जीव दिला. आम्हीही ती ऐकतच मोठ्या झालो. गोष्ट खोटी आहे. आणि ती ज्यांच्या नावावर खपते ते आपले मराठी रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, म्हणून आज तीच उलगडू या.

वैद्यांनी डी. एन. मिर्झा यांच्यासोबत ताजचा आराखडा केला. काम अर्धवट असतानाच वैद्य वारले, डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. जमशेटजी टाटांचं हे हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 ला. तयार इमारत वैद्यांनी पाहिलीच नाही, मग उडी कुठून मारणार?

आता तोंडाचं बघू. तेव्हा गेटवे नव्हतंच, ते खुलं झालं 1924 मध्ये. पाहुणे शहरातून घोडागाडीने येत, म्हणून दारही शहराकडे. मागच्या मेरीवेदर रोडच्या बाजूने पाहिलं तर कळतं : इमारतीचे दोन हात शहराकडे पसरलेत, मध्ये मोकळी जागा, आणि लांबलचक पाठ समुद्राला. त्यामुळे कितीतरी खोल्यांना बंदर दिसतं, वारा मिळतो. एका खिडकीच्या खोलीत मे महिना काढणाऱ्या आपल्याला यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको! पुढे दार समुद्राकडे आलं, जुन्या दाराच्या बाजूला पोहण्याचा तलाव झाला, आणि पाठीलाच लोक तोंड समजू लागले.

आतला मधला जिना घुमटाखाली अधांतरी चढत गेल्यासारखा दिसतो. विजेचे दिवे, लिफ्ट ही त्या काळी मुंबईला अपूर्वाई. जमशेटजींना मात्र हे वैभव जेमतेम पाच महिने लाभलं. मे 1904 मध्ये ते जर्मनीत वारले. पहिल्या महायुद्धात इथे 600 खाटांचं इस्पितळ होतं. शेजारचा उंच टॉवर नंतरचा, 1970 च्या दशकातला.

26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात जुन्या इमारतीला आग लागली. पाहुण्यांना बाहेर काढता काढता हॉटेलातले कर्मचारीही मारले गेले. जळालेली ती बाजू दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 ला पुन्हा उघडली.