क्यू देणारे काका

मालिकेतल्या त्या प्रसंगात सून रडत होती. तिच्या मागे, फ्रेमच्या अगदी कडेला आजोबा धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत बसले होते. फोकस त्यांच्यावर नव्हता, संवादही नव्हता. पण सुनेच्या एका वाक्याला त्यांचा हात थांबला आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू झाला. ते खरोखर ऐकत होते. तेवढ्यावरून मी ओळखी काढल्या आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा तो सेट गाठला.

त्यांचं नाव लिहीत नाही, कारण लिहू नका असं ते स्वतःच म्हणाले. सेटवर सगळे त्यांना काका म्हणतात. सत्तरी उलटलेली. आधी बँकेची नोकरी, बँकेच्याच संघातून राज्य नाट्य स्पर्धा, मग रजा टाकून दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिका. 1999 मध्ये अल्फा मराठी ही वाहिनी आली, रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि सासरे, मामा, वकील, डॉक्टर, सरपंच अशा माणसांची गरज एकदम वाढली. काकांनी हे सगळे केले. नायक मात्र कधीच नाही, आणि त्याची खंत त्यांच्या बोलण्यात मला कुठेही जाणवली नाही.

मेकअप रूममध्ये शिरताच स्पिरिट गमचा उग्र वास आला. त्या दिवशी फ्लॅशबॅक होता, म्हणून काकांना काळी मिशी लावायची होती. मेकअप दादांनी ओठावरची जागा पुसून कोरडी केली, ब्रशने गम लावला, तो चिकट होईस्तोवर थांबले. मग मिशी मधोमध टेकवून दोन्ही बाजूंना दाबत नेली आणि ओलसर फडकं वरून धरून ठेवलं. तेवढा वेळ काका नाकाने हलका श्वास घेत स्वस्थ बसून होते. एकदा मिशी चढली की पॅकअपपर्यंत तोंड फाकवून हसायचं नाही. चहासुद्धा स्ट्रॉने. संध्याकाळी ती उतरवली तेव्हा ओठावरची कातडी लाल झालेली मी पाहिली. वासाचा त्रास होत नाही का, असं विचारलं तर म्हणाले, “हा वास आला की काम आहे म्हणायचं.”

पिशवीत त्यांचं स्वतःचं सामान असतं: दोन धोतरं, एक बंडी, कोल्हापुरी वहाणा, चष्म्याच्या तीन रिकाम्या फ्रेमा. एक फ्रेम वकिलाची, एक मास्तरांची, एक आजोबांची. मालिकेत कपडे मिळतात, पण एका दिवसाच्या भूमिकेला कोण माप घेत बसणार?

शूटिंगचा क्रम साधा आहे. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांना एकत्र टिपणारा शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचे क्लोज. माझं लक्ष अडकलं ते क्लोजमध्ये. सुनेचा क्लोज लागला तेव्हा काका कॅमेऱ्याच्या शेजारी, लाइटच्या स्टँडला खेटून उभे राहिले. ते दिसणार नव्हते. अशा वेळी पुष्कळ जण व्हॅनिटीत निघून जातात आणि सहायक दिग्दर्शक त्यांची वाक्यं, म्हणजे क्यू, कागदावरून सपाट आवाजात वाचतो. काकांनी मात्र मास्टरमध्ये म्हटली होती तीच वाक्यं, तितकाच घोगरा आवाज काढून, डोळ्यांत पाणी आणून म्हटली. मुलीचा टेक पहिल्याच फटक्यात ओके झाला. टाळ्या तिला मिळाल्या. त्या टेकचा निम्मा तरी भाग काकांचा होता असं माझं मत आहे, आणि तो कुठल्याही एपिसोडमध्ये दिसणार नाही.

जेवताना त्यांनी एक आकडा सांगितला: 90 दिवस. आज केलेल्या कामाचे पैसे 90 दिवसांनी. टीव्हीच्या धंद्याची ही रीतच आहे. कथेतला ट्रॅक संपला, पात्राचा फोटो हार घालून भिंतीवर गेला, तरी मागची रक्कम यायला तेवढे दिवस लागणारच. औषधाचं दुकान 90 दिवस थांबत नाही, हे काकांनी तक्रारीच्या सुरात नव्हे, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

2020 मध्ये कोरोनामुळे तर कामच थांबलं. 30 मे रोजी राज्य सरकारने चित्रीकरणाला परवानगी दिली, पण 65 वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई केली. म्हणजे पडद्यावरचे सगळे खरे आजी-आजोबा घरी. चाळीस वर्षं छोट्या भूमिका करणारे एक 70 वर्षांचे अभिनेते मुंबई उच्च न्यायालयात गेले. पोटाचं दुसरं साधन नाही, असं त्यांनी मांडलं, आणि 7 ऑगस्टला न्यायालयाने ती अट रद्द केली. तो निकाल काकांनी मोबाइलमध्ये जपून ठेवलाय.

या कामात वय हेच भांडवल असतं. हिंदीतले चरित्र अभिनेते ए. के. हंगल सिनेमात आले तेच पन्नाशीच्या आसपास, आणि 2012 साली ‘मधुबाला’ मालिकेसाठी व्हीलचेअरवरून कॅमेऱ्यासमोर आले. त्याआधी आजारपणाच्या खर्चासाठी त्यांना लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं होतं. आपले मराठी अभिनेते रवी पटवर्धन ऐंशी ओलांडल्यावर ‘आरण्यक’ नाटकात पुन्हा धृतराष्ट्र झाले आणि ‘अग्गंबाई सासूबाई’ मालिकेतले आजोबाही. डिसेंबर 2020 मध्ये ते गेले. पाटील, पोलीस, न्यायाधीश अशा किती भूमिका त्यांनी उभ्या केल्या, ते लोकांना तेव्हा आठवलं.

निर्माते आणि वाहिन्यांना माझं एवढंच सांगणं आहे. बाकीच्यांचं काय ते ठरवा, पण साठीपुढच्या कलाकारांचे पैसे तरी 30 दिवसांत द्या. रक्कम तुमच्या लेखी फार मोठी नसते. त्यांच्या लेखी ती त्या महिन्याची औषधं असतात.