'जालना आले': गतीची भाषा व प्रकाशाचा वेग

बदनापूर मागे टाकून रेल्वेगाडी पूर्वेकडे निघाली, की थोड्याच वेळात डब्यातील प्रवासी 'जालना आले' असे म्हणतात. स्थानक जागचे हललेले नाही, हे सर्वांस ठाऊक असते. तरीही या वाक्यात कोणास अलंकार जाणवत नाही. फलाटावरील मनुष्य त्याच क्षणी 'गाडी आली' असे म्हणतो. एकाच घटनेची ही दोन वर्णने मराठीस सारखीच मान्य आहेत. कारण 'येणे' हे क्रियापद बोलणाऱ्याच्या स्थानाशी बांधलेले आहे.

पदार्थविज्ञानाची साक्ष याहून वेगळी नाही. आर्यभटाने 'आर्यभटीया'त नावेचा दृष्टान्त दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील मनुष्यास तीरावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना भासतात ते तसेच. जहाजाच्या बंद खोलीत केलेल्या प्रयोगांवरून ते उभे आहे की एकसारख्या वेगाने चालले आहे हे ठरविता येत नाही, असे गॅलिलिओने १६३२ मध्ये दाखविले. जालन्याचे स्थानक तरी कोठे स्थिर आहे? पृथ्वीच्या परिवलनामुळे ते दर सेकंदास सुमारे ४३७ मीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. शिवाय पृथ्वीसह सूर्याभोवती त्याचा वेग सेकंदास सुमारे ३० किलोमीटर असतो. तात्पर्य, वेगाच्या प्रत्येक विधानात 'कशाच्या संदर्भात' हे पद अध्याहृत असते. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या गाडीत ताशी ५ किलोमीटर वेगाने पुढे चालणारा प्रवासी फलाटाच्या संदर्भात ताशी ९५ किलोमीटर वेगाने जातो, हा हिशेब त्यातूनच निघतो.

प्रकाशाच्या बाबतीत मात्र हा हिशेब लागू पडत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रकाश हा ईथर नावाच्या सर्वव्यापी माध्यमातील तरंग मानला जाई. तसे असते, तर पृथ्वीच्या गतीमुळे निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात फरक आढळला असता. मायकेलसन व मोर्ले यांनी १८८७ मध्ये तो शोधला. अपेक्षित फरक मिळाला नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये निर्वातातील प्रकाशाचा वेग एकसमान गतीने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांस सारखाच असतो, हे गृहीततत्त्व म्हणून स्वीकारले. इंजिनाच्या दिव्यातून निघालेल्या प्रकाशात गाडीचा वेग मिळवावयाचा नसतो. चालक व फलाटावरील मनुष्य या दोघांसही तो सेकंदास २,९९,७९२.४५८ किलोमीटरच मिळेल. वरील ९५ किलोमीटरांचा हिशेबही काटेकोर नाही. परंतु त्यातील चूक सेकंदास अणूच्या व्यासाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी असल्याने व्यवहारात ती जाणवत नाही.

याची किंमत काळाच्या कल्पनेस द्यावी लागते. धावत्या डब्याच्या बरोबर मध्यावर दिवा क्षणभर लागला, असे समजू. प्रवाशाच्या मते प्रकाश पुढच्या व मागच्या भिंतीवर एकाच वेळी पोहोचतो. फलाटावरील मनुष्याच्या मते मागची भिंत प्रकाशास सामोरी येते व पुढची दूर जाते. प्रकाशाचा वेग मात्र दोन्ही दिशांना तोच. म्हणून त्याच्या लेखी मागच्या भिंतीवर प्रकाश आधी पोहोचतो. दोघांपैकी कोणीही चुकत नाही. 'येथे' व 'तेथे' यांप्रमाणेच 'एकाच वेळी' हे पदही संदर्भावाचून अपुरे आहे, ही गोष्ट भाषेने कधी सुचविली नव्हती.

हा केवळ तर्काचा खेळ नव्हे. स्थाननिश्चिती करणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे निव्वळ त्यांच्या गतीमुळे जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत दररोज सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. तेवढ्या अवधीत प्रकाश दोन किलोमीटरांहून अधिक अंतर कापतो. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम याच्या उलट व मोठा आहे. दोहोंची दुरुस्ती करावी लागते.

साहित्य व समाजशास्त्र यांच्या चर्चेत 'सर्वच सापेक्ष आहे' या विधानास आइन्स्टाइनचा आधार दिला जातो, त्याचा या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा. गतीची सापेक्षता 'जालना आले' म्हणणाऱ्या प्रवाशाच्या भाषेतही आहे. आइन्स्टाइनच्या सिद्धांताचे वैशिष्ट्य असे, की त्याने एक गोष्ट सर्व निरीक्षकांस समान ठरविली व तिच्यासाठी काळ आणि अंतर यांचे निरपेक्षत्व सोडून दिले. एकाचे मोजमाप दुसऱ्याच्या मोजमापात बदलून घेण्याचा निश्चित नियमही त्याने दिला. मते व मूल्ये यांविषयी तो सिद्धांत काहीही सांगत नाही.