नगाऱ्याचा ठोका, घराचा हादरा

वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी असलेल्या या गावात ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या वास्तूला आकार दिला आहे नगाऱ्याचा. कंपनशास्त्राचे पहिले धडे देणारे याहून सोपे वाद्य सापडणे कठीण.

नगाऱ्यावर टिपरी पडली की कातडे दबते. ताण त्याला पुन्हा वर खेचतो, पण वेगामुळे ते मूळ जागी न थांबता पुढे जाते आणि परत फिरते. हेच कंपन. एका सेकंदात ते किती वेळा होते, हे कातड्याचा ताण, वजन आणि आकार यांवर ठरते. पावसाळी दमट हवेत कातडे सैल पडून आवाज उतरतो, शेकले की चढतो. कातड्यावर तळहात ठेवला की नाद थांबतो, कारण कंपनाची ऊर्जा शोषली जाते. याला अवमंदन म्हणतात.

घरालाही अशी स्वतःची लय असते. ढोबळमानाने, इमारत जितक्या मजल्यांची, तितके दशांश सेकंद तिला एका हेलकाव्याला लागतात. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले तरी तो उंच जातो. जमिनीची आणि इमारतीची लय जुळली तर तसेच घडते. हा अनुनाद. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीत भूकंपाचे केंद्र शेकडो किलोमीटर दूर होते. तरीही तळ्याच्या मऊ गाळावर उभ्या असलेल्या मध्यम उंचीच्या इमारती सर्वाधिक कोसळल्या.

किल्लारीचे कारण मात्र वेगळे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तिथे हजारो जीव गेले, ते प्रामुख्याने घरांच्या वजनामुळे. जमीन हलली की घरावर येणारे बल त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. गळती थांबवण्यासाठी माळवदावर वर्षानुवर्षे माती चढत गेली होती. खाली मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या. त्यांचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्यात ते फुगून सुटले आणि छत खाली आले.

पोहरादेवीच्या परिसराला हा विषय परका नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी सुमारे ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. उपाय फार खर्चिक नाहीत. छतावरची जास्तीची माती उतरवावी. भिंतीच्या दोन्ही थरांना सांधणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवावेत. दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींना कवटाळणारा काँक्रीटचा सलग पट्टा घ्यावा आणि कोपरे पक्के करावेत. जुन्या घरात हात घालण्यापूर्वी जाणकार अभियंत्याला दाखवावे.

धक्का कधी बसेल, हे कोणी सांगू शकत नाही. तो बसल्यावर घर कसे वागेल, हे मात्र बांधणाऱ्याच्या हातात असते.